माहीत असणे वेगळे, मानणे वेगळे

‘स्टीरिओटाइप’ हा मूळचा छापखान्यातला शब्द. जुळवलेल्या खिळ्यांवरून साचा घेऊन धातूचा अखंड ठसा ओतायचा. मग कितीही प्रती काढा, त्यातला काना-मात्रा हलत नाही. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये माणसांबद्दलच्या ठरीव कल्पनांना हा शब्द लावला. १९३३ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅट्झ आणि ब्रेली यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शंभर विद्यार्थ्यांपुढे विशेषणांची यादी ठेवली. कोणता समाज कसा, ते निवडायचे. ज्यांच्याशी जेमतेम ओळख, त्यांच्याबद्दलही उत्तरे एकाच साच्यातली निघाली.

पुढच्या काही दशकांत वर्णभेदाची उघड बाजू घेणारे अमेरिकेत कमी होत गेले. वागण्यातला दुजाभाव मात्र तेवढा ओसरला नाही. मग लोक खोटे बोलत होते का?

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिवाइन यांनी हाच प्रश्न धरला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात गोऱ्या विद्यार्थ्यांच्या नजरेच्या कडेला, जेमतेम ८० मिलिसेकंद, शब्द चमकवले गेले. कृष्णवर्णीयांच्या रूढ प्रतिमेशी जोडलेले शब्द काहींसाठी १०० पैकी ८० होते, काहींसाठी २०. आक्रमकपणा थेट सुचवणारे शब्द मुद्दाम वगळले होते. नंतर डोनाल्ड नावाच्या माणसाबद्दल उतारा वाचायला दिला. त्याच्या वागण्याचे भांडखोर आणि साधे, असे दोन्ही अर्थ निघावेत असा. ८० शब्दवाल्यांना डोनाल्ड अधिक भांडखोर वाटला. ज्यांच्या मतांत पूर्वग्रह फारसा नव्हता, तेही त्याला अपवाद नव्हते.

पण विचार शांतपणे, निनावी लिहून काढायला सांगितल्यावर याच प्रकारच्या लोकांनी समानतेची बाजू मांडली. डिवाइन यांचा अर्थ असा: साचा लहानपणीच अंगवळणी पडतो, स्वतःची मते नंतर बनतात, आणि सवयीवर मात करायला दर वेळी प्रयत्न लागतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण चुकणाऱ्या प्रत्येकाला ते ढोंगी ठरवत नाही.

आक्षेपही आले. १९९७ मध्ये लेपोर आणि ब्राउन यांनी हीन न ठरवणारे, फक्त गटाची आठवण देणारे शब्द दाखवले, तेव्हा पूर्वग्रह कमी असलेल्यांत तो परिणाम दिसला नाही.

२०१२ मध्ये डिवाइन आणि सहकाऱ्यांनी साच्याची ही सवय मोडण्याचे प्रशिक्षण देऊन १२ आठवड्यांचा प्रयोग केला. नकळत कल मोजणाऱ्या चाचणीत तो उतरल्याचे दिसले. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत त्या चाचणीपुरता फरक दिसला नाही. मात्र दोन वर्षांनी, वर्णावरून साचे पाडण्याचे समर्थन करणाऱ्या एका लेखाला उघड हरकत घेणाऱ्यांत प्रशिक्षण घेतलेलेच जास्त निघाले.