साठ कबर की सात? पुणे–विजापूर वाटेवरच्या दंतकथांची पार्श्वभूमी

पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूर साधारण ३५० किलोमीटर. 'झपाटलेल्या' जागांच्या सहलींमध्ये ही वाट अलीकडे वरचेवर दिसते. सुरुवात शनिवारवाड्याने, शेवट विजापूरच्या साठ कबरीने, म्हणजे अफझलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरींनी. काही जण मध्येच प्रतापगड घुसवतात, पण तो पार पश्चिमेला आहे. एकाच फेरीत बसवायचा तर एक दिवस वाढतो, आणि एवढे करून गडाच्या पायथ्याची अफझलखानाची कबर जवळून पाहता येत नाहीच. तिच्याभोवतीची बेकायदा बांधकामे नोव्हेंबर २०२२मध्ये पाडली. बंदोबस्त मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

शनिवारवाड्यात रात्री प्रवेश नसतो, त्यामुळे 'रात्री आत जाऊन आलो' हे बहुतेक तटाबाहेरून केलेले चित्रीकरण असते. आत जाऊन तरी काय दिसणार? ज्या दालनांतून पेशवा नारायणराव मारेकऱ्यांपुढे धावला ती दालने २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत गेली. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि हौद. झपाटलेले घर म्हणायचे तर इथे घरच नाही. त्याची किंकाळी अमावास्येला ऐकू येते असे कुणी म्हणते, कुणी पौर्णिमा सांगते. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भर दुपारी. तिथी जुळत नाही, वेळही नाही. 'ध चा मा'ची गोष्ट एका ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही आहे, म्हणजे ती नंतरच्या नाटकवाल्यांनी रचली असे म्हणता येत नाही. वेळ थोडा असेल तर दिल्ली दरवाजात फोटो काढत बसण्यापेक्षा नारायण दरवाजा गाठावा. प्रेत त्या वाटेने बाहेर नेले, म्हणून त्याला ते नाव पडले.

खरा घोळ आहे विजापूरच्या बाजूला, आणि तो नावापासूनच सुरू होतो. रोमन लिपीत 'साठ' आणि 'सात' जवळजवळ एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. नकाशाच्या ॲपवर, इंग्रजी लेखांत, व्हिडिओंच्या मथळ्यांत म्हणून ही जागा कधी 'साठ कबर' असते, कधी 'सात कबर'. मराठी माणसाने ठ आणि त यांत गोंधळ घालायचे कारण नाही. तरी इंग्रजीवरून उचललेल्या मराठी मजकुरात 'सात कबरी' सर्रास येते, आणि मग लोक तिथे जाऊन सात कबरी शोधतात. त्यात भर म्हणून कबरींच्या रांगा खरोखरच सात आहेत, त्यामुळे चुकीच्या नावालाही पुरावा सापडतो!

मोजणी अशी: पहिल्या चार रांगांत प्रत्येकी ११, पाचवीत ५, शेवटच्या दोन रांगांत प्रत्येकी ७. म्हणजे ४४, ५ आणि १४ मिळून ६३. शिवाय एक जागा रिकामी आहे. ती धरली तर ६४, सोडली तर ६३, आणि नावात साठ. 'साठ' हा बोलीतला गोळाबेरीज आकडा आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे: १६५९च्या मोहिमेआधी ज्योतिषाने परत येणार नाहीस असे सांगितले, म्हणून अफझलखानाने आपल्या बायकांना विहिरीत लोटून इथे पुरले. रिकाम्या जागेची बेगम निसटली, असेही जोडतात. कथेच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच, पण ती दगडातच आहे. सगळ्या कबरी एका मापाच्या, एका घडणीच्या, सारख्या अंतरावर. माथे सपाट आहेत. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा ठेवतात, बाईच्या कबरीचा माथा सपाट ठेवतात, त्यामुळे या बायकांच्या कबरी हे पटते. त्यापुढची उडी मात्र मोठी आहे. एकसारखी घडण म्हणजे एकाच काळातले काम. एकाच रात्रीतले नव्हे. एखाद्या बड्या सरदाराच्या जनानखान्यातल्या बायका काही वर्षांत, साथीत किंवा एरवीही, एकाच दफनभूमीत गेल्या आणि एकाच कारखान्यातले दगड वर बसले, तरी चित्र हेच दिसेल. नाव नाही, सन नाही; अशा कबरींवरून खुनाची तारीख काढणे हा गाइडचा धंदा आहे, इतिहासाचा नव्हे.

त्याच परिसरात खानाने हयातीतच स्वतःसाठी बांधायला घेतलेला मकबरा आहे. तो अपुरा राहिला आणि देह तिथे आलाच नाही. शेजारच्या मशिदीवर १६५३चा सन आहे. मशीद दुमजली आहे आणि वरच्या मजल्यावर मिंबर (प्रवचनासाठीच्या पायऱ्या) नाही, त्यामुळे तो मजला घरातल्या बायकांसाठी असावा असे मानतात. ज्याच्या बायकांची गोष्ट ऐकायला आपण येतो, त्यांच्यासाठी बांधलेली म्हणता येईल अशी जागा ही. पण तिथे फारसे कुणी थांबत नाही.

कबरी शहराच्या पश्चिमेला आहेत. गल्ल्या आणि पडीक गवताळ जमीन ओलांडून जावे लागते. मोठी गाडी शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये, वळवायला जागा मिळत नाही. ॲपवर एका स्पेलिंगने सापडले नाही तर दुसरे टाकून पाहावे. शहराचे नाव २०१४पासून विजयपुरा आहे, तेही लक्षात ठेवावे. पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येते आणि खालच्या रांगा झाकून टाकते, तेव्हा मोजणी हमखास चुकते आणि सापाची भीती वेगळीच. एप्रिल-मे महिन्यांत काळा दगड दुपारी हात लावू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गेल्यास तिरप्या उजेडात सपाट माथे आणि कडांची घडण नीट दिसते. डोक्यावरच्या उन्हात सगळे एकसारखे काळे. मोजायला कबरींवर चढू नये. चौथऱ्याच्या कडेने चालत रांग धरून मोजावे आणि पाचव्या रांगेशी थांबून पुन्हा मोजावे. ती सर्वांत आखूड आहे, आणि आकडा बहुधा तिथेच घसरतो.