एए मीटिंग म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे, किती वेळा सांगायचं

"एएमध्ये ॲडमिट करायचे किती घेतात?" हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा; तिथे ॲडमिट करतच नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि खाली चार शहाणे चार केंद्रांचे नंबर टाकून मोकळे होतात.

केंद्र काय असतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. माणूस तिथे राहतो, डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, घरच्यांना भेटीचा वार असतो. वांद्र्याचं कृपा १९८१ पासून आहे, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून, ही नावं घराघरांत पोचलीयत. घोळ होतो तो यामुळे की बऱ्याच केंद्रांमध्ये एएच्याच बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून लांब राहायचा त्यांचा टप्प्याटप्प्याचा मार्ग, शिकवतात, आत मीटिंगही होतात, मग लोकांना वाटतं दोन्ही एकच.

आता एए. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहायला लागले आणि अजूनही मुळात तेवढंच आहे ते, पिणारा पिणाऱ्याशी बोलतो. मुंबईत बऱ्याच मीटिंगा पालिकेच्या शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात, तास-दीड तास. तिसरीच्या पोरांच्या बाकात गुडघे अडकवून बसलेली पन्नाशीची माणसं, फळ्यावर सकाळचा अर्धवट पुसलेला बाराचा पाढा, आणि एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून बोलतो. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, सभासद जमेल तेवढं टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत.

पैशाचा, वेळेचा, जागेचा फरक कोणालाही कळतो. अडतात सगळे ते इथे: केंद्रात तुम्ही माणसाला *सोपवता*, मीटिंगमध्ये कोणीच त्याला ताब्यात घेत नाही. एएत यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती त्याची पाहिजे. बायकोची, आईची, साहेबाची कितीही असली तरी इथे उपयोग नाही. हजेरीचं रजिस्टर नाही, तो आला का, काय बोलला, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, विचारलंत तरी नाही. पुढच्या आठवड्यात नाही आला तर घरी माणूस पाठवून उचलून आणणार नाहीत. बरेच जण यावर चिडतात, "मग उपयोग काय?" अहो, उपयोग हाच की तिथे तो कोणाचा पेशंट नसतो, कोणाच्या नजरकैदेत नसतो, त्यामुळे "काल परत घेतली" हे तो खरं सांगू शकतो, जे तुमच्यासमोर कधीच सांगणार नाही.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ताब्यात घेत नाहीत म्हणजे उपचारही करत नाहीत. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, गोळी नसते. रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात बंद केली की पहिल्या काही दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ज्याचे सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत त्याला "आजपासून सोड आणि संध्याकाळी मीटिंगला जा" असं सांगणारे काका मला डोक्यात जातात. आधी डॉक्टर. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे. मीटिंग त्याच्यासोबत नाहीतर नंतर.

आणि उलटा घोळ पण आहे, केंद्रातून सुटला म्हणजे कोर्स पूर्ण, बरा झाला, आता लग्नाचं बघूया. केंद्राला डिस्चार्ज असतो, मीटिंगला नसतो. तिथे वीस-वीस वर्षं न प्यायलेली माणसंही "फक्त आजचा दिवस" म्हणतात आणि परत येऊन बसतात.

जबरदस्तीने गाडीत कोंबून नेणाऱ्या केंद्रांबद्दल एवढंच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे आजारही धरलेत, माणसाच्या मर्जीविरुद्ध भरती करायचे नियम आहेत, ते न विचारता पैसे भरू नका.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी वेगळ्या मीटिंगा आहेत, अल-ॲनॉन. तो येवो न येवो, तुम्ही जा. माझं तर मत, आधी तुम्हीच जा. एएच्या ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी, हे फोनवर आधी विचारून घ्या, भाषा पण विचारा, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या असतात आणि इंग्रजी न येणाऱ्याला वांद्र्याच्या इंग्रजी ग्रुपमध्ये बसवलंत तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. नंबर एएच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या, गूगलवर वर येणाऱ्या जाहिराती बहुतेक केंद्रांच्या असतात. सरकारी मदत हवी तर १४४४६ व्यसनमुक्तीसाठी, १४४१६ मानसिक आरोग्यासाठी, दोन्ही फुकट. आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला घराजवळची मीटिंग नको असेल, ओळखीचं कोणी भेटेल म्हणून, तर दोन स्टेशनं पुढची बघा.