वी इन्सिस्ट! : फ्रीडम नाऊ सूट (एल.पी. पुनर्प्रकाशन)

अमेरिकन ड्रमवादक मॅक्स रोच (१९२४–२००७) यांची वंशभेदविरोधी जॅझ ध्वनिमुद्रिका. मूळ प्रकाशन कँडिड या कंपनीचे, १९६०च्या अखेरीचे; बहुतेक सूचींत डिसेंबर महिना दिलेला आढळतो. गीते ऑस्कर ब्राऊन (ज्यूनियर) यांची, गायिका ॲबी लिंकन आणि निर्माते समीक्षक नॅट हेंटॉफ. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या नोला पेंटहाऊस स्टुडिओत ३१ ऑगस्ट व ६ सप्टेंबर १९६० रोजी झाले. पाच रचना मिळून सुमारे ३७ मिनिटांचे संगीत आहे. २०२२ मध्ये कँडिडने ही तबकडी पुन्हा बाजारात आणली.

रचनेच्या उगमाविषयी एकमत नाही. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची शताब्दी १९६३ मध्ये येणार होती. त्या निमित्ताने रोच आणि ब्राऊन १९५९ पासून एका मोठ्या समूहगान-कृतीवर काम करत होते, एवढे सर्वमान्य आहे. एका मतानुसार ही कल्पना एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या युवक शाखेची. दुसरे मत दोघा कलावंतांच्या स्वतंत्र सहकार्यावर भर देते. शेवट कसा करावा यावरून त्यांच्यात मतभेद झाले. ब्राऊन यांचा कल अहिंसावादी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे, तर रोच यांचा अधिक आक्रमक पवित्र्याच्या माल्कम एक्स यांच्याकडे होता, असे सांगितले जाते. आपली गीते ध्वनिमुद्रित झाल्याचे ब्राऊन यांना हेंटॉफ यांच्या पत्राने कळले, ही हकीकत संगीत-अभ्यासक इंग्रिड मॉन्सन यांच्या लेखनात येते. म्हणून ही मुद्रिका म्हणजे ठरवून पूर्ण केलेली कृती नव्हे, तर अपुऱ्या राहिलेल्या मोठ्या कृतीतून घाईच्या वर्षात उचललेले तुकडे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९६०च्या घटनांनी त्या तुकड्यांचा क्रम आणि रोख बदलला. शेवटची रचना तर त्या वर्षीच्या मार्चमधील, दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलच्या गोळीबारापूर्वी सुचणेच शक्य नव्हते.

‘ड्रायव्हा मॅन’ म्हणजे मळ्यावरचा मुकादम. लिंकन आधी केवळ खंजिरीच्या साथीने गातात. मग वाद्यवृंद येतो. ठेका पाच मात्रांचा आहे, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर रोच ड्रमच्या कडेवर काठी हाणतात. आपल्याकडच्या श्रोत्याला सम म्हणजे येऊन विसावण्याची जागा. इथे समेवर आसूड पडतो. टेनर सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स (१९०४–६९) आहेत, म्हणजे रोच यांच्या आधीच्या पिढीतले गुरुस्थानी असलेले वादक. त्यांच्या वाद्याची पट्टी (रीड) एके ठिकाणी किंचाळते. अशा रचनेत सगळेच निर्दोष असले तर काहीतरी चुकले आहे, असे सांगून हॉकिन्स यांनी तो सूर तसाच ठेवायला लावला.

‘फ्रीडम डे’ अतिजलद आहे. ‘ट्रिप्टिक’ हा या मुद्रिकेचा गाभा : प्रार्थना, निषेध, शांती असे तीन भाग, फक्त गळा आणि ड्रम, शब्द एकही नाही. मधल्या भागात लिंकन मिनिटभराहून अधिक काळ किंचाळतात. ते ऐकणे सोपे नाही, आणि सोपे असूही नये. तबकडीच्या दृष्टीनेही हा भाग कठीण ठरतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या एल.पी.वर बाहेरच्या खाचेतून सुई सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर कापते. मध्याजवळ तेच अंतर २०-२२ सेंटिमीटरवर येते. वेग घटला की उंच पट्टीचे तीव्र आवाज फाटण्याचा धोका वाढतो. ‘ट्रिप्टिक’ पहिल्या बाजूच्या शेवटी, म्हणजे आतल्या खाचांत येते. किंकाळी फाटलेली ऐकू आली, तर ती गळ्याची की खाचेची हे कळेनासे होते. पुनर्प्रकाशनाची प्रत पारखायची असेल, तर सुई प्रथम तिथेच ठेवावी.

दुसऱ्या बाजूवर दोन रचना आहेत. ‘ऑल आफ्रिका’मध्ये लिंकन आफ्रिकी जमातींची नावे पुकारतात आणि नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी योरुबा भाषेत प्रतिसाद देतात. ‘टिअर्स फॉर जोहान्सबर्ग’ शार्पव्हिलच्या मृतांसाठी आहे. २१ मार्च १९६० रोजी तिथे कृष्णवर्णीयांना सतत ओळखपास बाळगायला लावणाऱ्या पासकायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ६९ जण मारले गेल्याची अधिकृत नोंद झाली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९६२ मध्ये या मुद्रिकेवर बंदी घातली. या मुद्रिकेवरचे ट्रंपेटवादक बुकर लिटल १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी वारले.

कँडिडचा पहिला अवतार १९६०-६१ पुरताच टिकला. १९६४ मध्ये गायक अँडी विल्यम्स यांनी तिच्या मातृसंस्थेचा संग्रह विकत घेतला. १९८०च्या सुमारास कोलंबियाने एल.पी. काढली, पुढे ॲलन बेट्स यांच्या ताब्यात आल्यावर सी.डी. निघाल्या. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणे ५० वर्षांनंतर स्वामित्वहक्कातून मुक्त होत असल्याने तिथे स्वस्त छपायाही झाल्या. त्यांत मूळ फितीचा उल्लेख बहुधा नसतो. २०२२ची आवृत्ती कंपनीच्या नव्या मालकांची असून तिचे मास्टरिंग (छपाईपूर्वीचे ध्वनिसंस्करण) बर्नी ग्रंडमन यांनी केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ही मुद्रिका राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली.

वेष्टनावरचे छायाचित्र ह्यू बेल यांचे. उपाहारगृहाच्या काउंटरपाशी तीन कृष्णवर्णीय पुरुष बसले आहेत, मान वळवून थेट आपल्याकडे पाहत. पलीकडे गोरा वाढपी उभा आहे. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोमध्ये १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णभेदाच्या निषेधार्थ अशाच, फक्त गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर जाऊन बसले होते. सी.डी.च्या तळहाताएवढ्या चौकोनात त्या तिघांच्या नजरा हरवतात. बारा इंची वेष्टनावर त्या चुकवता येत नाहीत.