‘पाच हजारांना ऑइल’ हा आकडा आला कुठून?

नवी गाडी घेतली की कोणीतरी सांगतंच, ‘पाच हजार किलोमीटर झाले की इंजिनचं ऑइल बदलून टाक.’ हा आकडा खरं तर जुन्या तेलांचा आणि जुन्या इंधनाचा आहे.

1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला ऑइल फिल्टरच नव्हता. तिच्या पुस्तिकेत पहिल्या 400 मैलांनंतर आणि पुढे दर 750 मैलांनी, म्हणजे जेमतेम 1,200 किलोमीटरला, तेल काढून टाकायला सांगितलं होतं. तेल साधं खनिज, त्यामुळे गाळ तळाशी बसायचा. 1920च्या दशकात फिल्टर आले, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डिटर्जंट मिसळलेली तेलं आली. काजळी धातूवर चिकटू न देता तेलातच धरून ठेवणं हे डिटर्जंटचं काम. म्हणजे तेल काळं पडणं ही बऱ्याचदा ते काम करत असल्याची खूण! तरी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) पुसून रंग बघत मान हलवणारे मेकॅनिक अजून भेटतात.

पुढे अमेरिकेत 3,000 मैलांचा नेम रूढ झाला. आपले पाच हजार किलोमीटर त्याच्याच आसपासचे. अँबॅसिडर-पद्मिनीच्या कार्ब्युरेटरमुळे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), विशेषतः थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोलसाठी चोक ओढल्यावर, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरून ते पातळ व्हायचं. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार व्हायचं. आता कार्ब्युरेटरऐवजी मोजून पेट्रोल सोडणारं इंजेक्शन आहे आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 (भारताचे प्रदूषण-निकष) इंधनात गंधक दहा लाखांत फक्त 10 भाग. म्हणून अनेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत आज 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. ‘एक वर्ष’ दुर्लक्षू नका. रोज भाजी आणण्यापुरती निघणारी गाडी तापतच नाही, आणि तेलातलं पाणी उडून जात नाही.

गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. तिथे इंधन जळत नाही, त्यामुळे काजळीही नाही. पण गिअरचे दाते, आणि ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्याही, झिजून कण तेलात मिसळतात. ऑटोमॅटिकच्या तेलात तर एकेकाळी स्पर्म व्हेलचं तेल असे, चकत्या धक्का न देता जुळाव्यात म्हणून. 1970च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला.

पुढे काही गाड्यांच्या ऑटोमॅटिकला ‘लाइफटाइम’ तेलाचं बिरुद लागलं. कोणाचं लाइफटाइम, हे मात्र कोणी सांगत नाही. गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते.