पन्नास डॉलरचं वृत्तपत्र आणि उपाध्यक्षपदाची उमेदवारी

कमला हॅरिस यांना २०२० मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, तेव्हा ‘पहिल्या कृष्णवर्णीय महिला उमेदवार’ असा त्यांचा उल्लेख सर्वत्र झाला. दोन मोठ्या पक्षांपुरता तो बरोबरच आहे. मात्र १९५२ मध्ये प्रोग्रेसिव्ह या छोट्या पक्षाने शार्लोटा बास यांना याच पदासाठी उभं केलं होतं. त्या उमेदवारीची मुळं लॉस एंजेलिसमधल्या एका छोट्या वृत्तपत्राच्या कचेरीत आहेत.

साउथ कॅरोलिनात जन्मलेल्या शार्लोटा १९१० मध्ये हवापालटासाठी कॅलिफोर्नियात आल्या आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या एका वृत्तपत्रासाठी वर्गणीदार मिळवू लागल्या. १९१२ मध्ये संपादक वारले. पत्राचा लिलाव झाला तेव्हा उसने घेतलेले ५० डॉलर भरून त्यांनी ते विकत घेतलं. ‘कॅलिफोर्निया ईगल’ या नावाने ते त्यांनी जवळपास चाळीस वर्षं चालवलं.

कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेला नायक ठरवणाऱ्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटाविरुद्ध १९१५ मध्ये ‘ईगल’ने मोहीम उघडली. दहा वर्षांनी त्यांनी क्लॅनच्या एका पुढाऱ्याचं पत्र छापलं, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचा खटला गुदरण्यात आला. त्यातून त्या निर्दोष सुटल्या.

सर्वांत चिवट लढा घरांचा होता. ‘गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहू नये’ अशी अट त्या काळी खरेदीखतातच घातलेली असे. स्वतःच्या जागेवर बांधलेलं घर सोडायला नकार दिला म्हणून एका कृष्णवर्णीय दांपत्याला तुरुंगात जावं लागलं. ‘ईगल’ने हा प्रश्न लावून धरला आणि बास यांनी त्यासाठी लोकांना संघटित केलं. अखेर १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही. त्या लढाईतल्या वकिलांपैकी एक होते लॉरेन मिलर. पुढे १९५१ मध्ये बास यांनी आपलं पत्र त्यांनाच विकलं.

त्यांच्या राजकीय प्रवासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या कित्येक वर्षं रिपब्लिकन होत्या. १९४० मध्ये त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार वेंडेल विल्की यांच्या प्रचारात पश्चिम विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पण नोकरी, घर आणि पोलिसी अत्याचार या प्रश्नांवर दोन्ही मोठे पक्ष तोंडदेखलं बोलतात, असं त्यांचं मत होत गेलं. वयाच्या सत्तरीच्या आसपास त्यांनी ही जुनी निष्ठा सोडली. १९४५ मध्ये त्या लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेसाठी उभ्या राहिल्या, १९५० मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी. दोन्ही वेळा हरल्या.

१९५२ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार व्हिन्सेंट हॅलिनन न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात होते. त्यामुळे सुरुवातीचा प्रचार बास यांच्याच खांद्यावर आला. कोरियातलं युद्ध थांबवा आणि कृष्णवर्णीयांना समान हक्क द्या, अशा मागण्या घेऊन त्या फिरल्या. जिंको वा हरो, प्रश्न ऐरणीवर आणले की आपलीच जीत, हे त्यांचं घोषवाक्य होतं. पक्षाला सुमारे १ लाख ४० हजार मतं पडली आणि रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर मोठ्या फरकाने निवडून आले. बास यांचं १९६९ मध्ये निधन झालं, त्याच वर्षी जानेवारीत शर्ली चिझम यांनी काँग्रेसच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य म्हणून शपथ घेतली होती.