पाणी, सरपण आणि झोपड्या: हाँगकाँगच्या लायन रॉकमागची गोष्ट

हाँगकाँगच्या काऊलून भागात कुठेही उभं राहून उत्तरेला पाहिलं, की इमारतींच्या फटीतून एक बसलेला सिंह दिसतो. हा लायन रॉक. उंची जेमतेम 495 मीटर. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ती किरकोळ वाटेल, पण माथ्याचा उघडा ग्रॅनाइट थेट दाट वस्तीवर झुकलेला आहे. हा खडक सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वीचा. डोंगराच्या एका बाजूला काऊलून, दुसऱ्या बाजूला शा टिनचं खोरं, आणि भोवती 557 हेक्टरचं लायन रॉक कंट्री पार्क, म्हणजे कायद्याने राखलेलं रान.

या पार्कचं श्रेय बहुतेक वेळा 1971 ते 1982 या काळातले ब्रिटिश गव्हर्नर मरी मॅक्लिहोज यांना दिलं जातं. कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला, यात वाद नाही. पण डोंगर मोकळा राहिला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि त्यामागे निसर्गप्रेमापेक्षा पिण्याच्या पाण्याची गरज मोठी होती.

हाँगकाँगला मोठी नदी नाही. पाऊस भरपूर, पण तो उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच कोसळतो आणि उतारावरून थेट समुद्रात जातो. 1898 मध्ये ब्रिटिशांनी न्यू टेरिटरीज हा काऊलूनच्या उत्तरेकडचा प्रदेश भाडेपट्ट्याने घेतल्यावर काऊलूनमागच्या डोंगररांगेत पाणी अडवायला जागा मिळाली. 1910 मध्ये काऊलून जलाशय पूर्ण झाला, 1930 च्या दशकात शिंग मुनचं मोठं धरण उभं राहिलं. पाणलोटात वस्ती नको, हा नियम ओघाने आलाच. उतारांची माती धुपून जलाशयात येऊ नये म्हणून पाइनची लागवडही झाली. ब्रिटिश आले तेव्हा इथले डोंगर बरेचसे बोडकेच होते. आज तिथे दिसणारं रान मुख्यतः माणसांनी लावलेलं आणि नंतर आपोआप वाढलेलं आहे.

मधल्या काळात ते एकदा जवळजवळ संपलंही होतं. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा उत्तरेकडून उतरल्या. काऊलूनच्या डोंगरांवरून जाणारी ब्रिटिशांची संरक्षणरेषा काही दिवसांतच कोसळली. या रेषेवर पंजाब आणि राजपूत रेजिमेंटचे भारतीय जवानही लढत होते. नंतरच्या जवळपास पावणेचार वर्षांच्या ताब्यात इंधनाचा एवढा तुटवडा पडला, की लोकांनी आणि लष्कराने डोंगर सरपणासाठी तोडून काढले. युद्धानंतर वनखात्याने नव्याने लागवड सुरू केली. पुढे पाइनला सूत्रकृमींची कीड लागली, तेव्हा तैवान अकेशिया आणि ब्रिस्बेन बॉक्स अशा बाहेरून आणलेल्या झाडांवर मदार राहिली.

त्याच सुमारास पायथ्याशी माणसांचा लोंढा येत होता. चीनमधल्या यादवीतून आणि 1949 च्या सत्तांतरानंतर पळून आलेले लोक मिळेल त्या उतारावर लाकडी झोपड्या बांधत होते. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई इथल्या झोपडपट्टीला आग लागून 50 हजारांहून जास्त लोक उघड्यावर आले. मग सरकारला पुनर्वसनाच्या इमारती बांधाव्या लागल्या, आणि वाँग ताई सिन, लोक फू अशा वसाहती थेट लायन रॉकच्या सावलीत उभ्या राहिल्या. लहान खोली, सामाईक संडास आणि समोर डोंगर. 1970 च्या दशकात सरकारी प्रसारण संस्थेने याच डोंगराच्या नावाची टीव्ही मालिका सुरू केली. साध्या कष्टकऱ्यांच्या कथा. 1979 मध्ये रोमन टॅम यांनी गायलेल्या तिच्या शीर्षकगीतानंतर ‘लायन रॉकची जिद्द’ ही कल्पना घराघरांत पोचली.

पाण्याने मात्र पाठ सोडली नव्हती. 1963 च्या दुष्काळात चार दिवसांतून एकदा, तेही चार तास पाणी मिळत होतं. प्लोव्हर कोव्ह ही समुद्राची खाडीच बांध घालून गोड्या पाण्याचा जलाशय करायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. ते पाणी काऊलूनला आणायचं तर लायन रॉक आडवा. म्हणून डोंगर पोखरून 1967 मध्ये बोगदा खुला झाला. मुळात तो जलवाहिन्यांसाठी आखलेला होता, मोटारींचा रस्ता नंतर त्यात बसवला. वाहनांच्या रांगेत अडकलेल्या किती जणांना हे माहीत असेल!

1965 मध्ये अमेरिकन पर्यावरणतज्ज्ञ ली टॅलबट आणि मार्था टॅलबट यांनी हाँगकाँगच्या ग्रामीण भागाच्या संवर्धनावर अहवाल दिला. दोन वर्षांनी शहरात दंगली उसळल्या. कोंडलेल्या तरुणांना मोकळी जागा हवी, हे त्यानंतर सरकारलाही पटू लागलं. 1976 मध्ये कंट्री पार्कचा कायदा झाला आणि 24 जून 1977 रोजी पहिली तीन पार्क जाहीर झाली: शिंग मुन, काम शान आणि लायन रॉक. पहिल्या दोघांत जलाशय आहेत आणि तिसरं त्यांना लागूनच आहे. पाणलोट म्हणून आधीच राखलेल्या जमिनीला संरक्षण देणं सोपं होतं, हे उघड आहे. 1979 अखेर पार्कांची संख्या 21 झाली, आज ती 25 आहे. संरक्षित क्षेत्र एकूण भूभागाच्या सुमारे 40 टक्के.

डोंगरावरच्या खुणा मात्र बदलत राहिल्या. शा टिनच्या बाजूला, पाठीवर मूल घेऊन नवऱ्याची वाट पाहत दगड झालेल्या बाईची शिळा जुनीच. 23 ऑक्टोबर 2014 रोजी गिर्यारोहकांनी सिंहाच्या कपाळावर खऱ्या सार्वत्रिक मताधिकाराची मागणी करणारा 28 मीटर लांबीचा पिवळा फलक सोडला. सप्टेंबर 2019 मध्ये शरद पौर्णिमेच्या सणाला निदर्शक माथ्यावर दिवे घेऊन साखळी करून उभे राहिले. कष्ट करा, वर या, असं सांगणाऱ्या जुन्या ‘जिद्दी’त राजकारण नव्हतं. नव्या पिढीने तीच टेकडी वेगळ्या अर्थाने वापरली.

घरांचा प्रश्नही पुन्हा पार्कांच्या कुंपणाशी आला. 2017 मध्ये सरकारने ताई लाम आणि मा ऑन शान या दोन पार्कांच्या कडेच्या जमिनीवर घरं बांधता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलं. पर्यावरणवाद्यांनी आणि गिर्यारोहकांनी विरोध केला आणि ती योजना पुढे सरकली नाही. लायन रॉक त्या यादीत नव्हता. त्याचे कडे इतके उभे आहेत की तिथे इमारत बांधायचा विचार कुणी करेल असं वाटत नाही.