नायट्रोजनवरची मोकळी जोडी

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी निकोटीनचे च्युइंगगम मिळते. त्याच्यासोबतच्या सूचनापत्रकात एक ओळ असते: चघळण्याआधी 15 मिनिटे आणि चघळताना कॉफी, फळांचा रस किंवा सोडायुक्त पेये घेऊ नका. चव बिघडू नये म्हणून ही सूचना असेल, असे बहुतेकांना वाटते. चवीचा तिच्याशी संबंध नाही. आंबट पेयानंतर तेच गम चघळले, तर गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाणारे निकोटीन खूपच कमी होते आणि उरलेले लाळेबरोबर पोटात जाते. रेणू तोच, मात्रा तेवढीच. बदललेला असतो तो फक्त तोंडातला आम्लपणा.

याच कारणाने झाड आपले विष साठवून ठेवते, याच कारणाने सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचे क्विनीन वेगळे काढता येते, आणि 1851 साली बेल्जियममधला एक खुनी गिलोटिनच्या पात्याखाली गेला, त्याच्यामागेही हेच कारण होते. रसायनशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी क्वचितच भेटली आहे. म्हणून अल्कलॉइड या संयुगांबद्दलचे बाकीचे आज थोडक्यात सांगतो आणि हिच्यावर रेंगाळतो.

निकोटीन, क्विनीन, मॉर्फीन, स्ट्रिक्नीन, ॲट्रोपीन, कॅफीन या सगळ्यांना अल्कलॉइड म्हणतात. मुख्यतः वनस्पतींत तयार होणारी, नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि थोड्या मात्रेतही प्राण्यांच्या शरीरावर जोरदार परिणाम करणारी ही संयुगे. ‘अल्कलॉइड’ म्हणजे अल्कलीसारखे, आम्लाच्या उलट गुणाचे. हा शब्द 1819 मध्ये माइस्नर या जर्मन औषधनिर्मात्याने वापरात आणला. तोपर्यंत झाडातून अल्कलीसारखे काही निघू शकते, हेच रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने फळांतून आणि पानांतून सायट्रिक, मॅलिक अशी एकामागून एक आम्ले काढून दाखवली होती, त्यामुळे वनस्पती आम्लेच बनवतात असा समज घट्ट झाला होता. पाडरबोर्नच्या एका औषधालयात काम करणाऱ्या झेरट्यूर्नर या विशीतल्या तरुणाने 1804 च्या सुमारास अफूच्या आम्लयुक्त काढ्यात अमोनिया घातला. तळाशी स्फटिक बसले. अफूचा सगळा गुंगीचा गुण त्या स्फटिकांत होता आणि ते आम्लाचे उदासिनीकरण करत होते. त्याच्या पहिल्या लेखाकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. 1817 मध्ये त्याने पुन्हा सविस्तर लिहिले, तेव्हा मात्र बांध फुटला. पॅरिसमध्ये पेल्टिये आणि काव्हांतू यांनी 1818 मध्ये स्ट्रिक्नीन आणि 1820 मध्ये क्विनीन वेगळे केले.

आता मुख्य गोष्ट. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात, हे शाळेत शिकलेले आठवत असेल. त्यातले तीन शेजारच्या अणूंशी बंध करण्यात खर्च होतात. दोन उरतात. ही उरलेली जोडी कुणाशीच बांधलेली नसते, नायट्रोजनच्या एका बाजूला ती मोकळी असते. हायड्रोजन आयनाची अवस्था नेमकी उलट: त्याच्याकडे इलेक्ट्रॉन एकही नाही. आम्लाच्या द्रावणात असे आयन भरपूर असतात. त्यातला एखादा येऊन या मोकळ्या जोडीवर बसतो आणि सबंध रेणूवर धन प्रभार येतो.

एवढ्याने रेणूचा स्वभाव पालटतो. पाण्याला प्रभार आवडतो, तेलासारख्या द्रवांना तो सोसत नाही. म्हणून आम्लात अल्कलॉइडचा क्षार होतो आणि तो पाण्यात विरघळतो. त्याच पाण्यात चुना, सोडा किंवा अमोनिया घातला, की बसलेला हायड्रोजन आयन काढून घेतला जातो, प्रभार जातो, रेणू मोकळा होतो. आता त्याला पाणी नको असते. तो तेलात, ईथरमध्ये, टोल्युइनमध्ये जातो, किंवा जायला जागा नसेल तर साका होऊन खाली बसतो. पुन्हा आम्ल घाला, पुन्हा पाण्यात परत. ही ये-जा हवी तितक्या वेळा करता येते आणि रेणूला सहसा काही इजा होत नाही.

किती रेणू मोकळे आणि किती भारित, हे ठरते दोन आकड्यांवरून. एक म्हणजे द्रावणाचा सामू (पीएच): तो जितका कमी, तितके द्रावण जास्त आम्ल. दुसरा त्या अल्कलॉइडचा स्वतःचा आकडा, त्याला पीकेए म्हणतात. निकोटीनसाठी तो सुमारे 8 आहे. सामू 8 असेल तर निम्मे रेणू मोकळे, निम्मे भारित. सामू एकाने खाली गेला की भारित आणि मोकळ्यांचे गुणोत्तर दहापट वाढते. सामू 5 ला एका मोकळ्या रेणूमागे हजार भारित. सामू 10 ला शंभरातले नव्व्याण्णव मोकळे. पेशीचे आवरण मेदाचे असल्यामुळे त्यातून सहज पार होतात ते मोकळेच. निकोटीनच्या गममध्ये मुद्दाम कार्बोनेट घातलेले असते, ते लाळेचा सामू 8 च्या वर नेण्यासाठी. काळी कॉफी साधारण 5 सामूची असते. आता ती सूचना पुन्हा वाचून पाहा.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे एक शंका येईल. रक्ताचा सामू 7.4 असतो, म्हणजे रक्तातल्या पाच निकोटीन रेणूंपैकी चार भारितच. मग सिगारेट ओढल्यावर काही सेकंदांतच ते मेंदूत पोचते कसे? कारण ही वाटणी कायमची नसते. मोकळा रेणू आवरणातून पलीकडे गेला, की तोल साधण्यासाठी भारितांतला एखादा लगेच आयन सोडून मोकळा होतो आणि त्याची जागा घेतो. दर क्षणी पाचातला एक मोकळा, एवढ्यावर फुप्फुसांचा प्रचंड पृष्ठभाग आणि मेंदूतला रक्तप्रवाह काम भागवतात. हजारातला एकच मोकळा असेल, तर गालाच्या लहानशा पृष्ठभागाला ते जमत नाही. म्हणजे प्रश्न जाईल की नाही याचा नसून किती वेगाने जाईल याचा आहे. लघवीचा सामू कमी असेल तर निकोटीन शरीराबाहेर जास्त वेगाने जाते, तेही यामुळेच: तिथे ते भारित होऊन अडकते आणि मूत्रपिंडाला ते परत रक्तात घेता येत नाही. दाढेखाली पू झालेला असताना भुलीचे इंजेक्शन नीट लागू पडत नाही, त्याचे एक कारणही हेच. कोकेनच्या धर्तीवर घडवलेल्या त्या औषधांतही तसाच नायट्रोजन असतो आणि पू झालेली जागा आम्लधर्मी असते.

निष्कर्षण, म्हणजे वनस्पतीतून सत्त्व वेगळे काढणे, ही ये-जा शिस्तीने करवून घेणेच आहे. सिंकोनाच्या सालीची पूड चुन्याच्या पाण्यात भिजवतात. चुन्यामुळे सालीतल्या आम्लांशी बांधलेले क्विनीन सुटते. मग पूड टोल्युइनसारख्या द्रावकात मुरवतात. क्विनीन द्रावकात उतरते, आणि त्याच्याबरोबर मेण, चरबी, रंगद्रव्ये असा नको असलेला गोतावळाही उतरतो. शर्करा, खनिजे, चुन्याशी बांधले गेलेले टॅनिन हे तुरट द्रव्य मात्र चोथ्यात राहते. पुढे त्या द्रावकात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ढवळतात. क्विनीन भारित होऊन खालच्या आम्लाच्या थरात येते. मेण आणि चरबीला अशी मोकळी जोडी नाही, ती जिथल्या तिथे. दोन पायऱ्यांत शेकडो पदार्थ गळून गेले. आम्ल थोडे उदासीन केले की क्विनीन सल्फेटचे पांढरे स्फटिक दिसू लागतात. हाती आले ते अल्कलॉइडच का, हे पाहायला ड्रागेनडॉर्फचे अभिक्रियक आहे: बिस्मथ आणि आयोडाइडचे द्रावण, ज्यात अल्कलॉइड पडले की नारिंगी साका येतो.

मूळ सालच घेतलेली बरी, सत्त्व काढले की निसर्गाचा समतोल बिघडतो, असे सांगणारे आजही भेटतात. सिंकोनाच्या एका सालीत क्विनीन नावापुरते, दुसरीत दहा टक्क्यांच्या आसपास. हिवतापाच्या रुग्णाला एक चमचा पूड दिली, म्हणजे नक्की किती औषध दिले? 1820 नंतर वैद्याला पहिल्यांदाच तराजूत मोजून उत्तर देता आले. ज्यांच्या औषधी आणि मारक मात्रेत थोडेच अंतर आहे, अशा पदार्थांच्या बाबतीत मोजता येणे हाच रुग्णाचा बचाव आहे.

आता बेल्जियम. 1850 च्या नोव्हेंबरात काउंट बोकार्मे याने वारशाच्या पैशासाठी आपल्या मेहुण्याला निकोटीन पाजून मारले. निकोटीन त्याने स्वतःच तंबाखूतून काढले होते. वनस्पतिज विष प्रेतात शोधता येत नाही, असे त्या काळचे विषशास्त्रातले मोठे नाव ऑर्फिला सांगत असे. खुनानंतर प्रेताच्या तोंडात आणि अंगावर व्हिनेगर ओतण्यात आले. ब्रुसेल्समधल्या झां स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे अवयव आले, तेव्हा त्यांना व्हिनेगरचा वास येत होता. स्तासने आम्लयुक्त अल्कोहोलने अर्क काढून तो गाळला आणि आटवला. मग त्यात पोटॅश हे अल्कली घातले. आतापर्यंत नसलेला निकोटीनचा उग्र दर्प एकदम आला. आम्लात ते क्षार होऊन बसले होते, आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास नव्हता. पोटॅशने मोकळे केल्यावर ते उडू लागले आणि ईथरमध्ये उतरले. व्हिनेगरने माग झाकला, असे ज्याला वाटले असेल, त्याने प्रत्यक्षात निकोटीन उडून जाण्यापासून वाचवले. विषतपासणीची ही पद्धत पुढे स्तास-ओटो पद्धत म्हणून कित्येक पिढ्या वापरात राहिली.

हे सगळे झाडाला आधीपासून येते. तंबाखूचे निकोटीन मुळांत तयार होते आणि वर पानांत जाते. टोमॅटोचा शेंडा तंबाखूच्या मुळांवर कलम केला, तर टोमॅटोच्या पानांत निकोटीन सापडते! पानाच्या पेशीत रिक्तिका नावाची पिशवी असते, तिच्यातला रस आम्लधर्मी. मोकळे निकोटीन तिच्यात शिरले की भारित होते आणि मग बाहेर पडू शकत नाही. रिक्तिकेच्या आवरणातली वाहक प्रथिनेही या कामाला हातभार लावतात. अळीने पान चावले की पिशव्या फुटतात. आम्लाने भरलेली ती पिशवी आणि क्विनीन काढतानाचा तो आम्लाचा थर यांत तत्त्वतः मला फरक दिसत नाही.

वर्गीकरणाबद्दल थोडेच लिहितो, कारण ते अजून पुरते सुटलेले नाही. अमिनो आम्लापासून बनलेली आणि नायट्रोजन अणूंच्या वलयात असलेली ती खरी अल्कलॉइडे. नायट्रोजन वलयाबाहेर असलेला इफेड्रीनसारखा गट वेगळा. कॅफीन किंवा बचनागातले ॲकोनिटीन यांचा सांगाडा अमिनो आम्लातून येतच नाही, त्यांना आभासी म्हणतात. दुसरी रीत वलयाच्या आकारावरून नाव देण्याची: पिरिडीन, ट्रोपेन, इंडोल, क्विनोलीन. ती सोयीची आहे, पण फसवते. क्विनीनमध्ये क्विनोलीनचे वलय दिसते, म्हणून ते वेगळ्या खणात पडते. झाड मात्र ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, इंडोलच्याच वाटेने बनवते. स्ट्रिक्टोसिडीन नावाच्या एकाच पूर्वज रेणूपासून क्विनीन, कुचल्यातले स्ट्रिक्नीन, सर्पगंधेतले रेसर्पीन आणि सदाफुलीतले कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टीन अशी सगळी भावंडे निघतात. चेहरा पाहून कूळ ठरवू नये, ते इथे शब्दशः खरे आहे.

आणि ज्याच्या नायट्रोजनवर हा खेळ चालतच नाही, असे प्रसिद्ध अल्कलॉइड म्हणजे कॅफीन. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे चार अणू आहेत, पण काहींच्या जोड्या वलयातल्या आणि शेजारच्या ऑक्सिजनच्या ओढीत गुंतलेल्या, आणि जी मोकळी आहे तीही आयन धरायला फार नाखूश. व्यवहारात कॅफीन आम्लातही मोकळे आणि सोड्यातही मोकळेच. चहापत्तीतून कॅफीन काढायच्या प्रयोगात धुण्याचा सोडा घालतात, तेव्हा कॅफीन मोकळे करण्यासाठी घातला असे विद्यार्थी सर्रास लिहितात. तो असतो टॅनिनसाठी: टॅनिनचा क्षार होऊन ते पाण्यात अडकावे आणि कॅफीन एकटेच द्रावकात जावे. कॉफीच्या कारखान्यांत तर वेगळाच मार्ग आहे. 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे 73 वातावरणांहून जास्त दाबाखाली कार्बन डायऑक्साइड धड वायू नसतो, धड द्रव नसतो. भिजवलेल्या हिरव्या बियांतून तो वायूसारखा आरपार जातो, द्रवासारखे कॅफीन विरघळवून नेतो, चवीची द्रव्ये बरीचशी जागेवर सोडतो. दाब उतरवला की तो उडून जातो आणि मागे पांढरे कॅफीन राहते. ते शीतपेयांच्या आणि औषधांच्या उत्पादकांना विकले जाते.